कामाचे कपडे घरी येतात तेव्हा

कामगारांचा इतिहास वाचताना संप, मोर्चे, पुढारी, कायदे असं सगळं भेटतं. पण कामावरचे मळके कपडे घरी आल्यावर पुढे त्यांचं काय होई? हे फारसं कुणी सांगत नाही. गेले काही दिवस मी तेच शोधत होतो. आणि मंडळी, हा इतिहास मुख्यतः बायकांचा निघाला.

सुरुवात वेल्समधल्या कोळशाच्या खाणींपासून करू. शंभर वर्षांपूर्वी तिथला खाणकामगार कोळशाने माखून, कधी ओलाचिंब होऊन तसाच घरी येई. पाणी तापवायचं, जड भांडी उचलून टबात ओतायचं, कपडे झटकायचे आणि सकाळपर्यंत वाळावेत म्हणून शेकोटीपुढे टांगायचे, हे सगळं घरच्या बाईकडे. नवरा आणि मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांत असले की हेच दिवसातून दोन-तीनदा!

१९१९ मध्ये सँकी आयोगापुढे ऱ्होंडा खोऱ्यातल्या एलिझाबेथ अँड्र्यूज यांनी साक्ष दिली. पाण्याची ओझी उचलून बायकांच्या शरीराचं काय होतं, गर्भपात कसे होतात, हे त्यांनी मांडलं. मागणी साधी होती: खाणीवरच न्हाणीघरं बांधा. तशी तरतूद १९११ च्या कायद्यात होती, पण दोन तृतीयांश कामगारांनी संमती दिली तरच. आणि पाठ धुतली की ती कमजोर होते, असं मानणारे कामगारही होतेच! १९२६ मध्ये या कामासाठी वेगळा निधी मिळू लागला आणि मग शेकडो न्हाणीघरं झाली. त्यांची रचना मला फार आवडली. एका बाजूला स्वच्छ कपड्यांची कपाटं, दुसऱ्या बाजूला मळक्यांची, मध्ये आंघोळीची जागा. कपाटांतून गरम हवा खेळवलेली, म्हणजे ओले कपडे दुसऱ्या दिवशी कोरडे मिळत.

कोळसा निदान दिसतो तरी. अॅस्बेस्टॉसचं तसं नाही. १९६५ मध्ये न्यूहाऊस आणि थॉम्पसन या दोन संशोधकांनी लंडनमधल्या मेसोथेलिओमाच्या ८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. ज्यांची माहिती मिळाली त्या ७६ पैकी ९ जणांनी अॅस्बेस्टॉसचं काम कधी केलंच नव्हतं. ते काम करणारं माणूस फक्त त्यांच्या घरात राहत होतं. त्यात ७ बायका होत्या. बहुतेकींची हकिगत एकच... नवऱ्याचे कामाचे कपडे धुणं. आणि हा रोग कित्येक दशकांनी उगवतो, तेव्हा ते कपडे कुणाच्या आठवणीतही नसतात.

आपल्याकडे? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४३ मध्ये कपडे ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला जागा असावी, असे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला होता. एका ओळीचं कलम, पण मला ते मोलाचं वाटतं. कपडे कामाच्या जागीच राहिले तर धूळही तिथेच राहते.

पण शेताला कुठलं आलंय कपाट? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा मास्क, हातमोजे यांवर पुष्कळ चर्चा झाली. फवारणीचा भिजलेला सदरा संध्याकाळी कोण धुतं, यावर फारशी झाली नाही.

आमच्या नात्यात शेती करणारे बरेच आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. हातमोजे घालून आधी भरपूर पाण्यात खळबळा, मग साबणाने वेगळे धुवा. ते पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नका. उन्हात कडकडीत वाळवा आणि धान्यापासून, मुलांच्या कपड्यांपासून दूर ठेवा. अॅस्बेस्टॉसचे कपडे मात्र घरी आणायचेच नाहीत, झटकायचेही नाहीत.

आणि शक्य असेल तर फवारणी केलेल्या माणसाने आपले कपडे स्वतःच धुवावेत. विष कुठे उडालंय, हे त्यालाच ठाऊक असतं.

तुमच्या घरी कामाचे कपडे कोण धुत असे? जरूर कळवा.