पनवेल परिसरातील ग्रामवसाहती : पर्यावरण व साथी

महाराष्ट्र राज्याच्या रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पनवेल शहराभोवतीच्या गावांची मांडणी खाडी, पाऊस व रोगराई यांच्या परस्परसंबंधांतून घडत गेली. पूर्वेस प्रबळगड व माथेरानचा डोंगर, दक्षिणेस कर्नाळा आणि पश्चिमेस पनवेलची खाडी असा हा मुलूख असून गाढी, काळुंद्रे व कासाडी या त्यातील प्रमुख नद्या होत. वार्षिक पर्जन्यमान २,५०० मिमी.हून अधिक असले, तरी बहुतेक पाणी खाडीत वाहून जाई आणि उन्हाळ्यात गोड्या पाण्याची टंचाई भासे.

खाडीकाठी आगरी व कोळी समाजांची वस्ती प्राचुर्याने होती. मातीचे बांध घालून व उघाड्या बसवून भरतीचे पाणी अडविले जाई आणि अशा खारजमिनीत भात पिकविले जाई. त्याजोडीला मिठागरे व मासेमारी असे. गावठाण मात्र खारात न वसता खार व वरकस जमीन यांच्या सीमेवरील उंचवट्यावर वसे. बांधाला खांड पडून खारे पाणी आत शिरल्यास, पावसाने क्षार धुऊन जाईपर्यंत काही वर्षे पीक हाती येत नसे. त्यामुळे बांधाची राखण ही साऱ्या गावाची सामाईक जबाबदारी होती व तिने गावकऱ्यांना जागेशी बांधून ठेवले. डोंगरपायथ्याशी ठाकूर व कातकरी यांच्या विरळ वाड्या होत्या. तेथील ओढ्यांच्या आसऱ्याने वाढणाऱ्या डासांमुळे हिवतापाचा उपद्रव असे.

पनवेल हे मुंबई–पुणे मार्गावरील बंदर होते. मुंबईहून होड्यांनी आलेला प्रवासी येथे उतरून बोरघाटाकडे जाई. हाच मार्ग साथींचाही झाला. १८१७ मध्ये बंगालमधून पसरू लागलेली पटकीची साथ पुण्याहून पनवेलमार्गे ऑगस्ट १८१८ मध्ये मुंबईस पोहोचली. १८३० मध्ये घाटातील गाडीरस्ता खुला झाल्यावर रहदारी वाढली. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग कल्याण–कर्जत बाजूने सुरू झाल्यानंतर ती ओसरली. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे व इस्राइल हे शहरातील तलाव पाण्याचे आधार होते. पण पटकी दूषित पाण्यातून पसरत असल्याने एकाच तलावावरील सामाईक वापर धोक्याचाही ठरे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकटला व लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांपैकी अनेकजण कोकणातील आपल्या गावी परतले आणि रोगही त्यांच्यामागून आला. उंदीर मरून पडू लागले, की घरे सोडून माळावर झोपड्यांत राहण्याचा प्रघात महाराष्ट्रभर पडला. कोकणात मात्र हा उपाय कोरड्या ऋतूपुरताच शक्य होता. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझापुढे तर स्थलांतर निरुपयोगी ठरले. त्याची तीव्र लाट सप्टेंबर–ऑक्टोबरात, म्हणजे भातकापणीच्या तोंडावर आली. साथींनी माणसे नेली, कुटुंबे काही काळ गावाबाहेर काढली. परंतु बांध, उघाडी व शेत हलविता येत नसल्याने वाचलेल्यांना बहुधा जुन्याच गावठाणात परतावे लागे.

स्वातंत्र्योत्तर काळात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमामुळे (१९५३) हिवतापाचा जोर ओसरला आणि मुंबई खारजमीन अधिनियमाने (१९४८) बांधांच्या कामी शासनाचा सहभाग वाढला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. खारांवर भराव पडून बांध नाहीसे झाले. पूर्वी गाव उंच व शेत सखल असे. भरावानंतर काही ठिकाणी हा क्रम उलटला. विमानतळाच्या भरावानंतर पारगाव-डुंगी परिसरात पावसाळ्यात पाणी साचू लागले, हे त्याचे उदाहरण होय. ज्या उंचवट्याने पिढ्यान्‌पिढ्या गावाचे पाण्यापासून रक्षण केले, तो तेथे उंचवटा राहिला नाही.