आंब्याची वरची फांदी

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि घरांवर, वाटांवर आंबे-फणस आडवे झाले. ते तोडायला गावोगाव चेनसॉ सुरू झाल्या. खालचा दिवस कोणा एका माणसाचा नाही; या मशीनचे अपघात ज्या चुकांतून होतात, त्या एका दिवसात मांडल्या आहेत.

सकाळी 7
मशीनवाल्याने टाकी भरली, कानस मात्र पिशवीतच राहिली. कालपासून लाकडाचे कपचे न पडता पिठासारखा भुसा पडतोय, म्हणजे दात बोथट झालेत. बोथट साखळी लाकडात आपोआप उतरत नाही, तिला रेटावं लागतं. आणि रेटणाऱ्याचा तोल पुढे गेलेला असतो.

सकाळी 10
पुढच्या मुठीसमोरची ढाल मागेच तुटली होती. ती नुसता हात झाकायला असते, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर तो ब्रेकचा दांडा आहे. मशीन उसळलं की मनगट त्यावर आपटतं किंवा झटक्यानेच तो पुढे पडतो, आणि साखळी क्षणात थांबते. ढाल नसलेलं मशीन कुणी सुरूच करू नये, मग छपरावरचं झाड आणखी चार दिवस तसंच राहिलं तरी चालेल.

दुपारी 1
कौलांवरचा बुंधा उतरला. हे काम त्याने उत्तम केलं. दोन्ही टोकांना टेकलेलं लाकूड वरून दबलेलं आणि खालून ताणलेलं असतं, म्हणून आधी वरून थोडाच काप घेतला, उरलेला खालून. नुसतं वरूनच कापत गेलं तर पातं अडकून बसतं.

दुपारी 3:30
आभाळ भरून आलं. “दादा, तेवढी वरची फांदी काढून टाका हो, रात्री परत कौलांवर यायची,” घरमालक म्हणाले. थरथरीने बोटं बधिर झाली होती, ते याने सांगितलं नाही.

4:14
शिडीवर उभा, डाव्या हातात फांदी, उजव्यात मशीन, तेही खांद्याच्या वर. पानांआडच्या दुसऱ्या फांदीला पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग लागला. तिथे दात कापत नाहीत, रुततात. साखळीचा सगळा जोर पात्यात येतो आणि पातं चालवणाऱ्याकडे उसळतं. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे 20 मीटर धावते. उसळीला सेकंदाचा दहावा भाग पुरतो, माणसाचा हात तेवढ्यात हलतसुद्धा नाही. पातं डाव्या दंडात गेलं.

4:15
शेजाऱ्याने पंचा जखमेत कोंबून दोन्ही हातांनी दाबून धरला. रक्त थांबेना, तेव्हा जखमेच्या वर, खांद्याच्या बाजूला रुंद पट्टी बांधून तिच्यात काठी घातली आणि रक्त थांबेपर्यंत पिळली. दंडातली मोठी रोहिणी तुटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो, म्हणून हे दवाखान्यावर सोडता येत नाही. पट्टी बांधल्याची वेळ पेनाने हातावर लिहिली. डॉक्टरांना ती लागते. वादळात टॉवर बंद पडले होते, म्हणून 108 लावायला एक पोरगा रेंज शोधत चढणीकडे धावला.