नासपतीचा निरोप

पिवळा गुलाब म्हणजे मत्सर, पांढरी लिली म्हणजे पावित्र्य, पॅन्सी म्हणजे आठवण. अशा याद्या शुभेच्छापत्रांवर, रोजनिशीच्या पानांवर आणि मुलांच्या हस्तलिखितांतही भेटतात. खाली बहुधा एक वाक्य असते : व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधले प्रेमिक या भाषेत एकमेकांना गुपचूप निरोप पाठवीत. फुलांना ही भाषा शिकवली कोणी, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो प्रश्न घेऊन मागे मागे गेलो, की आपण इस्तंबूलला पोचतो आणि तिथे हाती येते ती एक नासपती.

लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हे नाव शिक्षकांना देवीच्या रोगाच्या इतिहासातून ठाऊक असेल. तिचा नवरा तुर्की दरबारात इंग्लंडचा राजदूत होता. मेरीला स्वतःला देवी येऊन गेल्या होत्या, भाऊ देवीनेच दगावला होता. निरोगी मुलांना देवीच्या फोडातला द्रव टोचून सौम्य देवी आणायच्या, म्हणजे पुढे मोठा धोका टळतो, ही तिथली पद्धत तिने पाहिली आणि १७१८च्या मार्चमध्ये आपल्या मुलाला टोचून घेतले. जेन्नरचा प्रयोग यानंतर ७८ वर्षांनी झाला.

त्याच मार्च महिन्याची तारीख असलेले तिचे एक पत्र आहे. इंग्लंडमधल्या मैत्रिणीने तुर्की प्रेमपत्राचा नमुना मागितला होता. मेरीने पाठवली एक छोटी पेटी. आत कागद होता, पण त्यावर काही लिहिलेले नव्हते. तो इतर वस्तूंसारखीच एक वस्तू म्हणून होता. सोबत मोती, लवंग, गुलाब, नासपती, द्राक्ष, साबण, कोळसा, मिरी वगैरे. एकेक वस्तू म्हणजे एकेक ओळ. बोटाला शाई न लावता इथे प्रेम करता येते आणि भांडताही येते, असे तिने कौतुकाने कळवले.

आता नासपतीचा अर्थ ‘मला थोडी आशा दे’ असा का व्हावा? फळात तसे काहीच नाही. नासपतीला तुर्कीत म्हणतात आर्मुत, आणि आशेला उमुत. एवढेच! द्राक्ष म्हणजे उझुम, आणि ‘माझा डोळा’ म्हणजे गोझुम. म्हणून द्राक्ष पाठवले की ‘तू माझे डोळे’. वस्तूचे नाव उच्चारायचे आणि त्याच्याशी जुळणारे यमक आठवायचे, असा हा खेळ होता. मराठीत करून पाहा. कोणी पेरू पाठवला तर समजायचे, ‘नको विसरू’. तोच पेरू हिंदी बोलणाऱ्या मित्राच्या हाती पडला, तर त्याच्या दृष्टीने तो नुसता अमरूद. निरोप वाटेतच सांडला. (जाता जाता : अमरूद हा मूळ फारसी शब्द नासपतीचाच, तुर्की आर्मुतचा सख्खा नातलग. आपल्याकडे तो पेरूला चिकटला.)

मेरीची पत्रे तिच्या मृत्यूनंतर, १७६३ साली छापली गेली. इंग्रजी वाचकाला यमक ऐकू येणे कठीणच होते. त्याला दिसली वस्तू आणि तिचा अर्थ अशी यादी. साबण-कोळसा हळूहळू गळले, फुले उरली. जोसेफ फॉन हामर या ऑस्ट्रियन तुर्की-पंडिताने १८०९ साली खुलासा केला, की हा यमकांचा खेळ असून तो प्रेमिकांपेक्षा जनानखान्यातल्या बायकांची करमणूक आहे. कोण ऐकतो! १८१९ साली पॅरिसमध्ये शार्लोट द लातूर या टोपणनावाने ‘फुलांची भाषा’ हे पुस्तक निघाले आणि मग फ्रान्स, इंग्लंड, अमेरिकेत तशा पुस्तकांची रांग लागली. केट ग्रीनवेचे १८८४चे सचित्र पुस्तक तर आजही छापले जाते.

यमक गेल्यावर अर्थ आणायचे कुठून? लेखकांनी मिळेल तिथून उचलले. नार्सिससची आत्मप्रीती ग्रीक कथेतून आली, लिलीचे पावित्र्य ख्रिस्ती चित्रांतून. पॅन्सीचे नावच फ्रेंच ‘पांसे’ म्हणजे ‘विचार’ यावरून पडलेले. आम्हाला सर्वांत गंमत वाटली ती मॅरिगोल्डची. इंग्रजी याद्यांत त्याचा अर्थ ‘दुःख’. असे तेजस्वी पिवळे फूल, आणि दुःख? कारण फ्रेंचमध्ये या फुलाला ‘सूसी’ म्हणतात आणि चिंतेलाही ‘सूसी’. फुलाचे नाव ‘सूर्यामागे जाणारे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले, चिंतेचे वेगळ्याच धातूवरून. दोन शब्द झिजत झिजत योगायोगाने एकसारखे झाले, आणि फूल दुःखी ठरले. म्हणजे पुन्हा उच्चाराचीच करामत.

शिवाय हा मॅरिगोल्ड म्हणजे युरोपातला कॅलेंड्युला. आपला झेंडू, टॅजेटिस, हा मेक्सिकोकडून आलेला वेगळ्याच प्रजातीचा पाहुणा. मेक्सिकोत मृतांच्या स्मरणदिनी त्याच्या पाकळ्यांच्या वाटा घालतात. आपण दसऱ्याला दाराला त्याचेच तोरण बांधतो.

मग व्हिक्टोरियाच्या काळात ही भाषा खरोखर कोणी बोलत होते का? जॅक गुडी यांनी १९९३ साली आणि बेव्हर्ली सीटन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत या पुस्तकांची छाननी आहे. पुस्तके भरपूर खपली, भेट म्हणून दिली गेली; पण त्यांतल्या याद्या वापरून लोकांनी निरोप पाठवल्याचा पुरावा सीटन यांना जवळपास मिळाला नाही. ते अवघडही होते. एकाच फुलाला निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळे अर्थ. दोघांकडे एकच पुस्तक नसेल तर प्रेमाचे उत्तर भांडणाने यायचे.

मेरीने आणलेल्या दोन गोष्टींपैकी टोचणीला मात्र असे सहज सोडले गेले नाही. १७२१ साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगातल्या ६ कैद्यांना, सुटकेच्या बोलीवर, टोचून पाहण्यात आले. आजच्या नीतीला हा प्रयोग पटणार नाही. सहाही जण जगले आणि सुटले. फुलांच्या यादीची परीक्षा कोणी घेतली नाही, ती नुसती उतरवली गेली.

वर्गात ती परीक्षा घेता येईल. मुलांचे दोन गट करावेत. मोगरा, झेंडू, जास्वंद, सदाफुली, तगर, लाजाळू यांचे अर्थ दोन्ही गटांनी एकमेकांना न दाखवता लिहावेत आणि मग याद्या शेजारी ठेवाव्यात. लाजाळूवर बहुधा एकमत होईल. ते का, हे मुलांनाच विचारावे. आणि सदाफुलीवर किती अर्थ निघतात तेही मोजावे.