संगणकावरील खेळ आणि त्याचीं तीन दारें

चित्रपट एकदां तयार झाला कीं तो कोणत्याहि गांवच्या पडद्यावर दाखवितां येतो. संगणकावरील खेळाचें तसें नाहीं. प्रत्येक संगणकाचा कारभार एक कार्यप्रणाली पाहत असते. विंडोज, मॅक आणि लिनक्स या त्यांतल्या तीन प्रमुख. पडद्यावर चित्र उमटविण्याची प्रत्येकीची रीत निराळी, म्हणून एकीसाठीं रचलेला खेळ दुसरीवर आपोआप चालत नाहीं. मोठ्या कंपनीला हा खर्चाचा प्रश्न. मूठभर मंडळींच्या संस्थेला तो जगण्यामरण्याचा.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचें उदाहरण घ्यावें. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा तिचा खेळ. धाकट्या भावाच्या शोधांत असुरांशीं लढणारी मुलगी, राजस्थानी वाड्यांची शोभा आणि कथा सांगण्यासाठीं छायाबाहुल्या, अशी त्याची सुरेख मांडणी आहे. 2017 सालीं लोकवर्गणीनें भांडवल उभारण्याचा यत्न फसला, तेव्हां संस्थापकांपैकीं एकीनें स्वतःचें घर विकून काम चालू ठेवलें. अशा पैशावर उभ्या असलेल्या संस्थेनें किती यंत्रांना वचन द्यावें? 2020 च्या ऑगस्टांत 'राजी' प्रथम निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर आला. ऑक्टोबरांत प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणकांपैकीं केवळ विंडोजवर. मॅक व लिनक्स यांच्या वांट्यास स्वतंत्र आवृत्ति आली नाहीं. खेळाच्या गुणांत त्यामुळें उणें आलें नाहीं. 'द गेम अवॉर्ड्स'मध्यें स्वतंत्र रचनाकारांच्या पहिल्या खेळासाठीं असलेल्या पारितोषिकाच्या नामांकनांत त्याच वर्षीं त्याचें नांव होतें.

त्यापूर्वीं दहा वर्षें वारा उलटा वाहत होता. 2010 च्या मे महिन्यांत अमेरिकेंत 'हम्बल इंडी बंडल' या नांवानें छोट्या रचनाकारांचे खेळ एकत्र विकावयास निघाले. मोल ग्राहकानें ठरवावयाचें, आणि खेळ तिन्ही प्रणालींवर चालणारे. लिनक्सच्या ग्राहकांनीं सरासरीनें सर्वांत अधिक मोल दिलें. पण ग्राहकाच्या औदार्यानें दुरुस्तीचे दिवस कमी होत नाहींत! लिनक्सच्या शाखा अनेक, आणि प्रत्येकीची तक्रार वेगळी. मॅकनें तर घरच बदललें. 2018 सालीं ॲपलनें ओपन-जीएल ही जुनी चित्ररीत कालबाह्य ठरविली, आणि 2019 च्या कॅटलिना आवृत्तींत 32-बिट प्रोग्रॅम चालविणेंच बंद केलें. ज्या खेळांचे पैसे केव्हांच येऊन संपले होते, ते नवी आवृत्ति घेणाऱ्यांच्या संगणकांवर मुके झाले. 2020 च्या मार्चमध्यें सायोनिक्ससारख्या सुस्थित कंपनीनेंहि 'रॉकेट लीग'चा मॅक व लिनक्सवरील आधार काढून घेतला. मग लहानांना दोष कोणी द्यावा?

वाट निघाली ती निराळ्याच बाजूनें. 2018 च्या ऑगस्टांत व्हॉल्व्ह कंपनीनें 'प्रोटॉन' नांवाचा एक दुभाष्या पुढें आणला. विंडोजसाठीं रचलेल्या खेळाच्या मागण्या तो लिनक्सला समजतील अशा रूपांत सांगतो. 2022 च्या फेब्रुवारींत 'स्टीम डेक' हें हातांत धरून खेळण्याचें यंत्र लिनक्सवरच निघालें, आणि ज्यांनीं लिनक्ससाठीं एक ओळहि लिहिली नव्हती त्यांचेहि खेळ तेथें चालूं लागले. लाभ मोठा, परंतु दुभाष्या दुसऱ्याच्या पदरीं आहे. मॅकच्या ग्राहकाला तर असा सोयीचा दुभाष्या लाभलेला नाहीं.

2025 च्या ऑक्टोबरांत मायक्रोसॉफ्टनें विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार थांबविला. नागपूरच्या प्रतापनगरांत ज्या घरांतील जुना संगणक विंडोज 11 घेऊं शकत नाहीं, त्या घरापुढें आतां विनामूल्य लिनक्सचा पर्याय उभा आहे. आणि तेथें पुण्याचा खेळ उघडावयाचा तर तो याच दुभाष्याच्या हातून उघडावा लागेल.