सबरूटीन आवरण (पर्ल)

सबरूटीन आवरण म्हणजे एखाद्या सबरूटीनचा मूळ मजकूर न बदलता ते चालण्यापूर्वी, चालून झाल्यावर किंवा दोन्ही वेळी स्वतःचा कोड चालवण्याचे तंत्र होय. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत हे तंत्र वापरले जाते. नोंदी ठेवणे, लागलेला वेळ मोजणे, मिळालेली मूल्ये तपासणे आणि चाचणीपुरते सबरूटीनचे वर्तन बदलणे हे त्याचे मुख्य उपयोग आहेत.

कार्यपद्धती

पर्लमधील प्रत्येक पॅकेजला सिम्बॉल टेबल नावाची सारणी असते. तीत प्रत्येक नावासमोर त्या नावाचे सबरूटीन नोंदलेले असते. आवरण घालताना मूळ सबरूटीनचा संदर्भ एका चलात जपून ठेवतात व त्याच नावासमोर नवे सबरूटीन नोंदवतात. नवे सबरूटीन आपले काम करून मूळ सबरूटीनला बोलावते आणि त्याचे उत्तर पुढे पाठवते. त्यामुळे नावाने बोलावणाऱ्या कोडमध्ये बदल करावा लागत नाही. ही नोंद 'लोकल' या शब्दासह केल्यास आवरण तात्पुरते राहते व तो खंड संपताच मूळ सबरूटीन परत येते.

स्वयंचलित आवरण

सिम्बॉल टेबलमधील नावे क्रमाने वाचता येतात. त्यामुळे एका छोट्या आवर्तनाने पॅकेजमधील सर्व सबरूटीनांना एकदम आवरण घालता येते. मात्र या सारणीत दुसऱ्या पॅकेजमधून आयात केलेली सबरूटीनेही असतात. ती वगळावी लागतात. आवर्तनानंतर तयार झालेली सबरूटीने आवरणाबाहेर राहतात.

मर्यादा

आवरण घालण्यापूर्वी कोणी मूळ सबरूटीनचा संदर्भ घेतला असेल किंवा ते आयात केले असेल, तर तेथून होणारी हाक आवरणाला वगळून जाते. नोंदी अपुऱ्या राहतात. पण चूक झाल्याची सूचना मिळत नाही. पर्लमध्ये सबरूटीन एक मूल्य मागितले आहे की यादी, हे 'वाँटअरे'ने ओळखू शकते. आवरणाने हा भेद न पाळल्यास उत्तरच बदलू शकते. तसेच 'कॉलर' या फंक्शनला खऱ्या हाकेऐवजी आवरण दिसते. 'गोटू'च्या विशेष रूपाने हा दोष टळतो. परंतु नियंत्रण आवरणाकडे परत येत नसल्याने नंतरचा कोड चालवता येत नाही.

तयार साधने

डेमियन कॉनवे यांचे 'हुक::लेक्सरॅप' हे मॉड्यूल 'कॉलर'पासून आवरण लपवते व ठरावीक व्याप्तीनंतर ते काढूनही टाकते. 'मूस' या वस्तुनिष्ठ प्रणालीत 'बिफोर', 'आफ्टर' आणि 'अराउंड' असे तीन प्रकार आहेत. पहिल्या दोहोंना परतीचे मूल्य बदलता येत नाही. 'अराउंड'ला मूळ मेथडच हाती मिळत असल्याने ते बदलता येते.

पूर्वपीठिका

ही कल्पना पर्लपेक्षा जुनी आहे. वॉरन टाइटलमन यांनी १९६६ मध्ये एमआयटीतील प्रबंधात, लिस्पवर आधारलेल्या 'पायलट' प्रणालीसाठी, फंक्शनला 'सल्ला' जोडण्याची पद्धत मांडली होती.