वांद्र्याची मोत माउली : नांव, काळ आणि यात्रा

साष्टी बेटाच्या नैर्ऋत्य टोंकास, वांद्रें येथें समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या टेकडीवर मरियामातेचें देवालय आहे. इंग्रजी जाणणारे त्यास 'माउंट मेरी' म्हणतात. परंतु कोळी व इतर मराठी भाविकांच्या तोंडीं 'मोत माउली' हेंच नांव आहे. हीं देवता ख्रिस्ती लोकांची, सबब तिचा इतिहास त्यांनींच पाहावा, असा समज आपल्या संशोधकवर्गांत पुष्कळ आहे. हा समज टिकण्याजोगा नाहीं. या स्थानाच्या इतिहासांतील महत्त्वाची पन्नास वर्षें ज्या राजवटींत मोडतात, ती मराठ्यांची व तिच्या पूर्वीची फिरंग्यांची असल्यामुळें, हा विषय आपल्या दप्तरांशीं थेट निगडित आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. 'मोत' हा शब्द कोणी 'मौत' म्हणजे मृत्यु याशीं जोडतात आणि मरणापासून तारणारी ती मोत माउली अशी फोड करतात. कोणी समुद्राच्या सान्निध्यावरून 'मोती' आठवतात. दोन्ही व्युत्पत्ति कानास गोड, पण निराधार आहेत. फिरंगी अमदानींत या स्थानाचें नांव 'नोस्सा सिन्योरा दो मोंत', म्हणजे 'टेकडीवरील आमची स्वामिनी' असें होतें. त्यांतील 'मोंत' म्हणजे डोंगर. पोर्तुगीज उच्चारांत येथें स्वर नाकांतून निघतो, स्वतंत्र नकार उमटत नाहीं. त्यामुळें मराठी जिभेवर त्याचा 'मोत' होणें स्वाभाविक होतें. 'पाव', 'लिलाव' या शब्दांतूनही मूळचें अनुनासिक असेंच गळालें आहे. 'तुरुंग' शब्दांत तें टिकलें, हा आक्षेप खरा. पण तेथें पुढील कंठ्य वर्णानें त्यास आधार दिला. 'माउली' मात्र निखळ आपला शब्द. संस्कृत मातृ, प्राकृत माउ, आणि त्यावर लडिवाळपणाचा 'ली'. ज्या शब्दानें वारकरी ज्ञानदेवांस हांक मारतात, त्याच शब्दानें वांद्र्याच्या कोळ्यानें या देवतेस हांक मारली. नांवाचा पूर्वार्ध पाद्र्यांनीं दिला, उत्तरार्ध लोकांनीं.

आतां काळाकडे वळूं. सन १५३४ च्या तहानें गुजराथच्या बहादूरशहानें वसई व तिच्याखालील प्रदेश पोर्तुगीजांस दिला, व वांद्रें हें जेसुइट पाद्र्यांचें ठाणें झालें. सन १६४० च्या सुमारास टेकडीच्या पायथ्याशीं 'आग्वाद' नांवाचा किल्ला बांधला गेला. आग्वाद म्हणजे पाणी भरण्याची जागा. गोड्या पाण्यासाठीं गलबतें येथें लागत. टेकडीवरील प्रार्थनास्थानाचा आरंभही त्याच काळांतला सांगतात. खलाशी जेथें पाणी भरतो तेथेंच तो देवतेस नमस्कार करतो, हें पाहतां या दोन गोष्टींचा संबंध सहज ध्यानांत येतो.

पुढील कथा परंपरेनें आली आहे. सन १७०० मध्यें अरब चांच्यांनीं सोन्याच्या लोभानें मूर्तीचा उजवा हात तोडला. पुढें मराठे व फिरंगी यांच्या युद्धांत देवालय नष्ट झालें. एका कथेप्रमाणें कोळ्यास स्वप्न पडून मूर्ति समुद्रांत सांपडली व ती जवळच्या सेंट अँड्र्यूच्या इगर्जींत ठेवण्यांत आली. दुसरीप्रमाणें त्या इगर्जींतील 'नाविकांची माता' हीच मूर्ति टेकडीवर बसविण्यांत आली. या कथा परस्परांशीं भांडतात. पण दोन मुद्यांवर त्यांचें एकमत आहे. मूर्ति सेंट अँड्र्यूच्या इगर्जींतून टेकडीवर आली, आणि सन १७६०–६१ च्या सुमारास तेथें देवालय पुन्हां उभें राहिलें. भांडणाऱ्या साक्षी जेथें जुळतात तेथेंच इतिहासकारानें पाय रोवावा.

हे सन नीट पाहा. चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत सन १७३७ मध्यें ठाणें व सन १७३९ च्या मे महिन्यांत वसई पडली. आणि सन १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेईपर्यंत साष्टी पेशव्यांकडे होती. म्हणजे ज्या वर्षीं पानिपत झालें, त्याच सुमारास, मराठ्यांच्या अमलाखालीं, माहीमच्या इंग्रजांस समोर दिसेल अशा टेकडीवर फिरंग्यांच्या देवतेचें देवालय नव्यानें बांधलें गेलें. सरकारी अंमलदारांच्या नजरेआड हें होणें शक्य नव्हतें. वसईच्या तहांत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस स्वधर्माचरणाची मोकळीक दिली होती, त्याशीं ही गोष्ट जुळते. विध्वंसाविषयींही एक सावधगिरी हवी. किल्ला मराठ्यांच्या हातीं लागून मुंबईस धोका होऊं नये म्हणून तो पाडावा, असा सल्ला खुद्द इंग्रजांनीं दिला होता. तेव्हां त्या वर्षांत या टेकडीच्या आसपास पडलेली प्रत्येक भिंत मराठ्यांच्या माथीं मारणें, किंवा उलट मराठ्यांस सर्वस्वी निर्दोष ठरविणें, दोन्ही घाईचें होईल. पाडलें गेलें हें जसें लिहावयाचें, तसें बांधूं दिलें हेंही लिहिलें पाहिजे. आपल्या ग्रंथांतून पहिलें वाक्य आढळतें, दुसरें क्वचित्.

यात्रा मरियेच्या जन्मदिनीं, म्हणजे ८ सप्टेंबरास, व त्यानंतरच्या रविवारापासून आठवडाभर भरते. ही तिथि सौर असल्यामुळें कधीं ती भाद्रपदांत गणेशोत्सवाशीं एकत्र येते, कधीं मागेंपुढें होते. नारळी पौर्णिमेनें कोळ्यांचा समुद्र खुला झालेला असतो. भाविक मेणबत्त्या आणि मेणाचे हात, पाय, बाळें, घरें वाहतात. नवसाची ही रीत आपल्या देवळांतील चांदीच्या डोळ्यांची व पाळण्यांची सख्खी बहीण आहे. म्हणूनच हिंदु, पारशी, मुसलमान सर्व तेथें जातात. पूर्वीं माहीमहून होडीनें खाडी ओलांडावी लागे; सन १८४५ मध्यें जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीनें पूल झाला व पायवाट खुली झाली. सध्यांची इमारत सन १९०४ ची असून शापूरजी चंदाभॉय या पारशी शिल्पकारानें ती आंखली. सन १९५४ मध्यें तिला 'बॅसिलिका' हा मान मिळाला.

शेवटीं दप्तरें बाळगणाऱ्या सज्जनांस विनंति. मोडींत अनुस्वार वारंवार गळतो व ऱ्हस्वदीर्घाचा भेद राहत नाहीं. म्हणून फिरंगाणच्या कागदांत 'मोत' असें दिसल्यास तें 'मौत' वा 'मोती' असें दुरुस्त करूं नये. गोव्याकडेही एक साष्टी आहे. ती व ही मिसळूं नये. वसईच्या विजयासाठीं 'तिसा सलासीन मया अलफ' व देवालयाच्या पुनर्बांधणीसाठीं 'इहिदे सितैन' आणि 'इसन्ने सितैन' हीं सालें पाहावीं. इंग्रजी तारखा सन १७५२ पर्यंत जुन्या पद्धतीच्या, म्हणून अठराव्या शतकांत पोर्तुगीज तारखांहून अकरा दिवस मागें आहेत, हेंही विसरूं नये. वांद्र्याच्या इगर्जीस, पाद्र्यास किंवा यात्रेकरूस उद्देशून लिहिलेली एखादी चार ओळींची चिठ्ठी कोणाच्या रुमालांत असल्यास ती प्रसिद्ध व्हावी. किल्ले घेतल्याचे कागद आपण पुष्कळ छापले. देवालय बांधूं दिल्याचा एक कागद त्यांच्या शेजारीं बसला, तर मराठ्यांच्या राज्यकारभाराचें चित्र अधिक पुरें होईल.