गुत्ता, रोज आणि मजुराचा मालक

पावसाळ्याच्या आत स्लॅब पडला पाहिजे म्हणून एप्रिल-मेमध्ये चिखली, मेहकर, खामगावकडे घरांची कामं दाटतात. गुत्तेदाराशी बोलणं होतं ते फुटाच्या दराचं आणि उचलीचं. कामावर माणूस पडला तर पैसे कोण देणार, हे विचारणंच अपशकुनी वाटतं.

गुत्तेदाराकडे विम्याचा कागद मागण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो : कायद्याच्या लेखी मजुराचा मालक कोण? 1923 चा नुकसानभरपाई कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. तत्त्व जुनंच आहे. भरपाई मालकाने द्यायची, त्याची चूक असो वा नसो. अख्खं काम गुत्त्याने दिलं, तर मालक गुत्तेदार. काम देणाऱ्यावरही जबाबदारी येते, पण ते काम त्याच्या धंद्यापैकी असेल तेव्हाच. सोयाबीनवाला शेतकरी राहतं घर बांधतो, तो त्याचा धंदा नव्हे. भाड्याने द्यायला गाळे काढणाऱ्याला मात्र असं म्हणणं जड जाईल.

रोजाची पद्धत याहून निराळी. सिमेंट-सळई आपली, मजूर मिस्त्रीच्या ओळखीचे, पण बाजाराच्या दिवशी पैसे वाटतो आपण. इथे मालक आपणच ठरण्याचा धोका मोठा. पूर्वी धंद्याबाहेरच्या कामावर तात्पुरता लावलेला मजूर कायद्यातून वगळलेला होता; 2000 च्या दुरुस्तीने तो आडोसा गेला. गुत्ता तोंडीच असेल, तर तो गुत्ता होता की रोज, याचा वाद अपघातानंतरच सुरू होतो.

रक्कम किती, ते मांडून पाहू. 3 जानेवारी 2020 पासून हिशेबासाठी मासिक वेतनाची कमाल मर्यादा 15,000 रुपये झाली. तीस वर्षांचा मजूर दगावला तर त्या वेतनाचा निम्मा भाग, म्हणजे 7,500, गुणिले वयाचा गुणांक 207.98. होतात 15,59,850 रुपये. घरकुलाचं मूळ अनुदान 1,20,000 आहे, म्हणजे तेरा घरकुलं. महिनाभरात रक्कम दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. बांधकाम कामगार मंडळाची मदत आहे, पण ती नोंदणी केलेल्या कामगाराची. मालकाची जबाबदारी तिने फिटत नाही.

अपघात स्लॅबवरच होतो असंही नाही. 20 ऑगस्ट 2021 रोजी सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीडजवळ समृद्धी महामार्गाच्या कामाचे मजूर आणि सळई घेऊन निघालेला टिप्पर उलटला. 13 मजूर गेले. कामावर जाता-येतानाचा अपघात कामातला धरायचा का, हा जुना वाद. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक रखवालदार 2003 मध्ये कामावर जाताना वाटेत मृत्युमुखी पडला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 29 जुलै 2025 रोजी सांगितलं, की वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसला तर तोही कामातलाच अपघात. म्हणजे भरपाईसाठी बावीस वर्षं.

आता विम्याचा कागद. गुत्तेदार 'इन्शुरन्स आहे' म्हणतो तेव्हा तो पुष्कळदा गाडीचाच निघतो. हवी ती मजुरांच्या भरपाईची पॉलिसी. शेजाऱ्याच्या भिंतीचं नुकसान तिच्यात बसत नाही, त्याला तृतीय पक्षाचं कलम असलेली वेगळी पॉलिसी लागते. नाव, मुदत, कामाची जागा हे सगळेच पाहतात. खरं पाहायचं ते मजुरांची संख्या, दाखवलेली मजुरी आणि पोटगुत्तेदाराची माणसं धरली आहेत का ते. कारण एरवी कामावर मिस्त्री धरून पाच जण असतात. स्लॅबच्या दिवशी मिक्सर-लिफ्टवाल्याची टोळी येते, घमेली हातोहात फिरू लागतात आणि सेंट्रिंगवर वीसेक माणसं उभी असतात. पॉलिसीत आकडा पाचाचाच राहतो. गुत्तेदाराने तिची प्रत आणून दाखवली तरी पॉलिसी देणाऱ्या शाखेत नंबर विचारून घ्यावा. 1938 च्या विमा कायद्याप्रमाणे हप्ता मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम पत्करत नाही, आणि गुत्तेदाराचा चेक वटला की नाही, हे त्या प्रतीवर दिसत नाही.